तक्रार : गुडघा

“गुडघा,” सुखराय म्हणाली.

“कोणता?” डॉक्टरांनी विचारलं.

सुखराय जरा थांबली. मग म्हणाली, “उजवा.”

ते थांबणं मी लगेच टिपलं. क्रीडा वसतिगृहात चौदा वर्षं मुली सांभाळल्या होत्या मी तोवर. परीक्षेच्या दिवशी दुखणारी डोकी, सरावाच्या दिवशी मुरगळणारे घोटे आणि सुट्टी मंजूर झाली की अर्ध्या तासात उतरणारे ताप, सगळ्यांचा हिशोब माझ्या वहीत होता. शर्यतीच्या दिवशी दुखणारा गुडघा माझ्यासाठी नवा नव्हता. नवल एवढंच, की तो सुखरायचा होता.

सांगलीचं मैदान, रविवार, सकाळचे नऊ. एका कापडी तंबूत लोखंडी टेबल, त्यावर चादर, आणि बाहेर ध्वनिक्षेपकावर कुणाचं तरी नाव चुकीचं उच्चारलं जात होतं. दुपारी चारला सतरा वर्षांखालील मुलींची तीन हजार मीटरची अंतिम शर्यत. पहिल्या दोघी राष्ट्रीय शिबिराला जाणार, आणि त्यातली एक जागा आमच्या रहाटे सरांनी सुखराय बेठेकरच्या नावावर मनातल्या मनात कधीच चढवून टाकली होती. रहाटे सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. झोपतानाही गळ्यात शिट्टी. बायकोलासुद्धा ‘रेडी’ म्हटल्याशिवाय हाक मारत नसावेत.

डॉक्टर होत्या शमीम काझी. तिशीच्या आतबाहेर, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ, बोलणं हळू. त्यांनी सुखरायचा उजवा गुडघा वाकवला, दाबला.

“इथे दुखतं?”

“हो.”

“इथे?”

“हो.”

मग त्यांनी गुपचूप डावा दाबला. “आणि इथे?”

“हो,” सुखराय म्हणाली.

मला हसू आलं. चेहरा सरळ ठेवून खोटं बोलायलाही शिकावं लागतं, आणि मेळघाटातल्या या कोरकू पोरीला दोन वर्षांत आम्ही ते काही शिकवलेलं नव्हतं.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. तापमापक काढून उजेडाकडे धरत म्हणाल्या, “एकशे एक. गुडघ्याला ताप येत नाही. काल काय खाल्लंस?”

“जेवले.”

“जेवली नाही,” मी म्हटलं. “ताटातला भात शेजारणीच्या ताटात सरकवला. मी पाहिलं.”

सुखरायनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती टेबलावर उजव्या अंगावर जराशी दुमडून बसली होती, कुणीतरी कागदाचा कोपरा मोडावा तशी.

“झोप बघू उताणी. पोट पाहते.”

आणि तेव्हा ते झालं. सुखरायचे दोन्ही हात टी-शर्टच्या काठावर गेले आणि तिथेच मुठी आवळल्या. “पोट चांगलं आहे.”

“चांगलंच असेल. नुसतं बघते.”

“पोट चांगलं आहे.”

तंबूच्या तोंडाशी उभे असलेले रहाटे सर पुढे आले. “डॉक्टर, एक स्प्रे मारा ना गुडघ्यावर. पोरगी घाबरली, बाकी काही नाही. काल त्या सोलापूरच्या पोरीनं प्राथमिक फेरीत चांगली वेळ नोंदवली ना, तेव्हापासून हिचं तोंड उतरलं आहे. ए पापड! ऊठ. चार वाजता पाहू गुडघा.”

“पापड?” डॉक्टरांनी विचारलं.

“लाडाचं नाव,” मी म्हटलं. “वसतिगृहात सगळ्यांना असतं एकेक.”

डॉक्टरांनी सरांना बाहेर जायला सांगितलं. मग तंबूचा पडदा ओढून घेतला, वर एक टाचणी लावली. “आता आपण तिघी बायकाच आहोत. लाजायचं कारण नाही.”

मला वाटलं, झालं काम. त्यांनाही तसंच वाटलं असणार. कारण सुखरायनं गुडघे छातीशी घेतले आणि मुठी आणखी घट्ट केल्या, तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी आली.

“काय गं, पोटात हिरे लपवलेत का?” मी म्हटलं. माझी बोलायची तऱ्हाच अशी. मुलींना सवय होती. त्या हसायच्या, आणि हसल्या की ऐकायच्या. सुखराय हसली नाही. तिनं टेबलाच्या कडेवरून मान खाली घातली आणि ओकली. हिरवट पाणी. दुसरं पोटात काही नव्हतंच.

मी माझी वही पुढे केली. आजारांची वही. दौऱ्यावरही बरोबर असायची; एरवी जेवणघरात खिळ्याला दोरीनं टांगलेली. तारीख, नाव, तक्रार, गोळी, सही. “डॉक्टर, हिची प्रकृती म्हणजे दगड. पाहा. दोन वर्षांत हिच्या नावावर एक ओळ नाही. अख्ख्या वसतिगृहात अशी एकच मुलगी.” खरं सांगायचं तर ते कोरं पान मी पाहुण्यांना दाखवायचे. आमच्या जेवणाची जाहिरात म्हणून.

डॉक्टरांनी पानं उलटली. “दोन वर्षांत पोट दुखलं नाही? पाळीतसुद्धा? ताप नाही, हगवण नाही?”

“नाही,” मी म्हटलं.

“ही वही टांगलेली असते वाटतं, भोक आहे पुठ्ठ्याला. वाचतं कोण?”

“सगळेच. जेवता जेवता. करमणूकच असते त्यांची.”

त्यांनी वही मिटून मला परत दिली.

दहा वाजले. मैदानावरची एकुलती एक रुग्णवाहिका तेवढ्यात बांबूउडीत हात मोडलेल्या मुलाला घेऊन गेली. डॉक्टरांनी शासकीय रुग्णालयात फोन लावला. पलीकडचे सर्जन कोल्हापूरला निघण्याच्या बेतात होते. मला अर्धंच ऐकू येत होतं.

“ताप आहे, उलटी आहे, उजवीकडे वाकून बसते… नाही सर, तपासू देत नाही… हो, मला कळतं आज रविवार आहे… पोट कडक आहे की नाही ते नाही सांगू शकत. हात लावू देत नाही ती… बरं. एक वाजेपर्यंत. बरं.”

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. “अपेंडिक्स असावं. फुटलं तर विष पसरतं. पोटाला हात लावल्याशिवाय मी खात्रीनं सांगू शकत नाही, आणि खात्रीनं सांगितल्याशिवाय ते माणसं बोलावून थिएटर उघडणार नाहीत. एक वाजता ते निघतील. तुमचं ऐकते का ती?”

“माझं?” मी म्हटलं. “माझं सगळ्याच ऐकतात.”

तिच्या गावात फोन नव्हता. आश्रमशाळेत होता, तो रविवारी कोण उचलणार? तिचा बाप सानू बेठेकर, त्यानं वसतिगृहाच्या फॉर्मवर अंगठा उठवला होता, आणि पालकाच्या जागी खाली माझी सही होती. म्हणजे आई मी, बाप मी.

मी गोडीनं सांगून पाहिलं. मग धाक घातला. म्हटलं, सुखराय, मरशील. ती म्हणाली, “मग मरते.” असं काही रागानं वगैरे नाही, पोळी नको म्हणावं तसं. रहाटे सर पडद्याबाहेरून विनवत होते, “बेटा, दाखव ना. एक मिनिटाचं काम आहे. मग पळायचं आहे आपल्याला.” अकरा वाजून गेले. ताप एकशे दोनच्या वर गेला. तिच्या ओठांवर पांढरी साय धरली होती आणि ती टेबलाचा पाय पायाच्या अंगठ्यानं घट्ट धरून बसली होती, जणू आम्ही टेबलासकट उचलून नेऊ.

तेव्हा मी तिचे हात धरले. डॉक्टर “नको” म्हणाल्या ते मी ऐकलं. तरी धरले. मी अंगानं दांडगी, ती बोरीच्या काटकीसारखी. एका हातात तिची दोन्ही मनगटं मावली. दुसऱ्या हातानं टी-शर्टचा काठ पकडून वर ओढला.

ती मला चावली. मनगटावर, हाडापर्यंत. ओरडली नाही, शिवी दिली नाही. दात रोवले आणि मी काठ सोडेपर्यंत काढले नाहीत. तिच्या डोळ्यांत पाहिलं तर तिथे राग नव्हता. वेळ पडली तर सगळा हात तोडून टाकील, एवढाच निश्चय होता.

डॉक्टरांनी माझ्या मनगटाला कापूस लावला. “बाहेर बसा जरा,” म्हणाल्या.

“मी? तुमच्या एकटीच्यानं आवरेल?”

“आवरायचंच नाही आहे.”

पण मी गेले नाही. माझी मुलगी, माझी सही. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिले.

साडेअकराच्या सुमारास सुखरायनं एकदा “माय” म्हटलं आणि अंग एकदम ताठ केलं. मग हळूहळू सैल सोडलं. तिच्या कपाळावरच्या रेघा उतरल्या. तिनं मान वर केली आणि, मी शपथेवर सांगते, ती हसली.

“थांबलं,” म्हणाली. “मॅडम, आता दुखत नाही. काहीच नाही. मी पळते.”

मला रडू कोसळायचं बाकी होतं. “बघा!” मी ओरडले. “सर, थांबलं म्हणते!” बाहेरून रहाटे सरांनी आनंदानं शिट्टी फुंकली. खरोखरच फुंकली. “मी म्हणत नव्हतो? पापड आहे तो, एवढ्यात मोडतो का!”

डॉक्टर काझींचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“इतका वेळ दुखत होतं आणि एकदम थांबलं,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “फुटलं असणार. ही मोकळीक थोडा वेळ असते. मग परत येतं, पोटभर.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग एक गोष्ट केली, जी त्या सकाळी कुणीच केली नव्हती. त्या टेबलापाशी जमिनीवर उकिडव्या बसल्या, सुखरायच्या डोळ्यांच्या खाली आपले डोळे आणून, आणि म्हणाल्या, “सुखराय, मी तुला दाखव म्हणत नाही. मी एवढंच विचारते, कुणासमोर दाखवशील?”

सुखरायनं टेबलाच्या पायाभोवतीचा अंगठा आणखी आवळला.

“रहाटे सर? नाहीत इथे. येणार नाहीत. मी नको? दुसरी नर्स बोलावू? अंधार करू? तू स्वतः हात धरून माझा हात ठेवशील, मी बघणार नाही?”

बाहेर ध्वनिक्षेपकावर गोळाफेकीचे निकाल चालले होते. सुखरायनं ते सगळे ऐकले. मग बोट वर न करता, नुसत्या हनुवटीनं, तिनं कोपऱ्याकडे खूण केली.

“मॅडम नको,” ती म्हणाली.

मी उठले. पडद्याची टाचणी काढताना दोनदा बोटाला टोचली.

बाहेर ऊन पांढरंफटक होतं. रहाटे सर पाण्याच्या पिंपावर बसले होते. “काय झालं? तुम्हाले काहून बाहेर काढलं?”

“दाखवते आहे. मी नसले तर दाखवते.”

“तुम्ही नसले तर? उलटंच ऐकलं म्या. आईवानी आहे तुम्ही त्यायले.”

मी त्यांच्या शेजारी बसले. मनगटावरचा कापूस लाल झाला होता. आणि मग मी त्यांना सांगितलं. दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

सुखराय नवी आली त्या आठवड्यात सगळ्या मुलींची तपासणी झाली. जेवणघरातच, रांगेनं. बाहेरून एक डॉक्टर आले होते. हिचा नंबर आला, सदरा वर केला, आणि बेंबीभोवती जुने भाजलेले डाग दिसले. तिकडे तान्ह्या मुलाचं पोट फुगलं, मूल दूध घेईना, की पडिहार, म्हणजे गावचा भगत, तापल्या विळ्यानं पोटावर डाग देतो. डंभा म्हणतात त्याला. डॉक्टरांनी तिला तसंच उभं ठेवलं, तीस मुलींना जवळ बोलावलं, आणि बोटानं डाग मोजले. एक, दोन, तीन… सात. मग अंधश्रद्धेवर वीस मिनिटं भाषण. भाषण खोटं नव्हतं. सुखराय वीस मिनिटं सदरा वर धरून उभी होती.

त्या दिवशी जेवणात पापड होता. वाढणारी सुखरायपाशी आली तेव्हा मी म्हटलं, “तिला कशाला? तिच्याकडे आहे की भाजलेला.”

सगळं जेवणघर हसलं. सुखरायही हसली. ते हसू मी जमेला धरलं. मला वाटलं, पोरगी रुळली.

रहाटे सर बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. “मला वाटे, बारीक आहे म्हणून पापड,” ते म्हणाले. “दोन वर्षं हाक मारतो वो मी तिले. ट्रॅकवर, सगळ्या गावासमोर.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“पळायची ना पण ती. पापड म्हटलं की अजून जोरात पळायची.” त्यांनी मान खाली घातली. “मला वाटे, खूश होते.”

तंबूतून काही ऐकू येत नव्हतं. मग डॉक्टरांचा आवाज आला, फोनवरचा, मोठा. “लाकूड, सर. लाकडासारखं झालंय पोट. हो, मी स्वतः हात लावून सांगते. माणसं बोलवा. आम्ही निघतोय.”

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. रुग्णवाहिका परत आली नव्हती. रहाटे सर धावत सुटले आणि नाश्त्याची भांडी नेणारा टेम्पो अडवला. चालकाशी काय बोलले कोण जाणे. टेम्पो मैदानाच्या आतल्या पट्ट्यावरून, पांढऱ्या रेघा तुडवत, तंबूच्या दारात आला. सुखरायला चादरीसकट उचललं तेव्हा दुखणं परत आलं होतं. आता ती ओरडत होती, कोरकूत, आणि तिचं एकही अक्षर आम्हा तिघांना कळत नव्हतं. टेम्पोत उपम्याची रिकामी पातेली एकमेकांवर आपटत होती. मी तिच्या पायांशी बसले. तोंडाशी डॉक्टर होत्या.

संमतीच्या कागदावर मी सही केली. मनगटामुळे ती माझ्या सहीसारखी आलीच नाही. कारकून म्हणाला, पुन्हा करा.

साडेतीन तास लागले. चार वाजता मैदानावर बंदूक उडाली असेल. रहाटे सर दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, त्यांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, पू सगळीकडे होता, धुतलं आहे, दोन दिवस काही सांगता येत नाही.

ते दोन दिवस मी लिहू शकत नाही. एवढं सांगते, की मी बाकावर बसून माझी वही पहिल्या पानापासून वाचली. डोकं, घसा, घोटा, पाळी, घसा, ताप. प्रत्येक ओळीशेजारी मी कधीतरी काहीतरी गमतीचं बोलले होते. मला एकेक आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर काझी आल्या. शेजारी बसल्या. मी विचारलं, “तिनं सांगितलं तुम्हाला?”

“डागांचं? हो. तिच्या आधीची दोन मुलं महिन्याच्या आत गेली. हिचंही पोट फुगलं होतं. डाग दिले आणि ही राहिली. सुट्टीत घरी गेली की आई आधी पोट बघते म्हणे, साती आहेत ना.”

“पण ते चुकीचंच ना, डॉक्टर? तान्ह्या पोरांना भाजायचं?”

“चूकच. मीही बायकांना तेच सांगते, डाग देऊ नका, आधी दवाखान्यात आणा.” त्या उठल्या. “पण ते आईला सांगायचं असतं, मॅडम. मुलीच्या पोटाला नाही.”

सुखराय वाचली. तो हंगाम गेला, शिबिर गेलं, आणि पोटावर टाक्यांचा जाड पट्टा घेऊन ती पुढं धावली ती जिल्ह्यापुरतीच. आता ती धारणीजवळच्या एका आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका आहे. एकवीस वर्षं झाली. रहाटे सरांनी त्यानंतर कुठल्याच मुलीला नावाशिवाय हाक मारली नाही. शिट्टी मात्र सुटली नाही.

ही सगळी हकिकत सांगायचं कारण पाचव्या दिवसाची सकाळ.

तिला खाटेवर उशी लावून बसवलं होतं. मी मोसंबी सोलत होते. बोलायचं ठरवून आले होते, घोकलंही होतं, पण माझ्या जिभेला नुसती माफी मागायची सवय नव्हती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक गंमत चिकटून यायची, म्हणून मी गप्पच होते.

“सहा राहिले,” ती एकदम म्हणाली.

मी विचारलं नव्हतं. तिनंच सांगितलं, खिडकीकडे बघत.

“एक टाक्यात गेला,” ती म्हणाली. “माय मोजंल तेव्हा सांगावं लागंल.”

“मी येते सांगायला,” मी म्हटलं. “तुझ्याबरोबर. माझ्यामुळे गेला म्हणून सांगते.”

तिनं माझ्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं, आणि मोसंबीची फोड घेतली.

मग मी पिशवीतून वही काढली. दौरा संपला की कार्यालयात नोंद द्यावी लागे, शस्त्रक्रिया झाली म्हटल्यावर तर लागेच. तारीख लिहिली. नाव लिहिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा: सुखराय सानू बेठेकर. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. दोरीसाठी पुठ्ठ्याला पाडलेलं भोक तिच्या बाजूला होतं. ती त्या भोकाकडे बघत होती.

“कार्यालयाला मी वेगळा कागद लिहीन,” मी म्हटलं. “बंद पाकिटात. इथे तू सांगशील ते. काय लिहू?”

सुखरायनं तोंडातली फोड नीट चावली. बी हातावर काढली.

“गुडघा,” ती म्हणाली.

“कोणता?”

ती जरा थांबली.

“उजवा.”

मी लिहिलं: गुडघा, उजवा. आणि समोर माझी सही केली.